ज्वारीची कुंडली

काही गाळ्यांना वास्तुदोष असतो, काहींना घरमालक. आमच्या कोथरूडच्या गल्लीच्या तोंडाशी जो गाळा आहे त्याला दोन्ही आहेत. सुरुवातीला तिथं पिवळ्या पाटीचा एसटीडी-आयएसडी-पीसीओ होता. मोबाइल आले, बूथ गेला, सायबर कॅफे आला. घरोघरी इंटरनेट आलं, कॅफे गेला, केकचं दुकान आलं. ते बसलं आणि त्याच जागी रक्त-लघवी तपासणीचं केंद्र आलं. गिऱ्हाईक तेच राहील, असा हिशेब असावा. करोनात मास्क आणि सॅनिटायझर, करोना ओसरल्यावर मोमो. त्यामुळे इथं नवी पाटी चढली की गल्लीतले जाणते लोक माल काय असेल ते विचारत नाहीत. "दिवाळी काढेल," "पाडवा बघेल असं वाटत नाही," एवढंच बोलतात.

या खेपेला मात्र काचेला आतून खाकी कागद लावून बराच काळ ठोकाठोक चालली होती. बाहेर नुसता एक फलक: 'तुमच्या मुळांकडे परत. लवकरच.' सोसायटीच्या चेअरमनना ते मूळव्याधीचं हॉस्पिटल वाटलं आणि त्यांनी पार्किंगच्या काळजीनं नगरसेवकाला फोनही केला. कागद निघाला तेव्हा आतून निघालं किराणा दुकान. मालकांसमोर अर्थात तसं म्हणायचं नाही. दुकानाचं नाव देत नाही; माती, मूळ, बीज, धरा यांपैकी एक शब्द त्यात आहे, आणि तो इंग्रजी लिपीत आहे, एवढ्यावरून चित्र डोळ्यांपुढं यावं.

त्या सुमारास आत्या आमच्याकडं होती. आत्या मंगळवेढ्याची. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला पुण्याला आली होती. ते उत्तम झालं होतं आणि नव्या डोळ्यानं जग वाचायची तिला हौस आली होती. बसच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, शेजाऱ्यांच्या दारावरच्या पदव्या, काही म्हणून सोडत नव्हती. "हा एम.ए. आहे होय? वाटत नाही." बायकोनं मला मीठ आणायला पिटाळलं होतं. एक किलो, साधं. आत्या म्हणाली, "थांब, मी पण येते. ते नवं दुकान बघू."

दार ढकलायच्या आत एका मुलानं ते उघडलं आणि हात जोडून म्हणाला, "नमस्ते, स्वागत आहे." पुण्यात दुकानात स्वागत झालं की गिऱ्हाईक आधी मागं वळून बघतं, आपल्या पाठोपाठ कोण आलं म्हणून. आम्ही दोघांनीही बघितलं. मागं कोणी नव्हतं.

आत एसी, बासरी आणि गवती चहाचा वास. हिंग, गूळ, अगरबत्ती आणि उंदराचं औषध मिळून किराणा दुकानाचा म्हणून जो एक वास होतो, त्याचा मागमूस नाही. पोती होती, पण आत थर्माकोल भरून वर मूठभर राजमा पसरलेली. पितळी तराजू होता. त्याच्या एका पारड्यात मनीप्लँट. म्हणजे जुन्या दुकानात जे जे कामाचं होतं ते सगळं इथं शोभेला होतं. एक मुलगी पुढं आली. अंगात एप्रन, हातात टॅब. "सर, काही पर्टिक्युलर हवंय की एक्सप्लोर करणार?"

"मीठ," मी म्हणालो.

मीठ सगळ्यात शेवटच्या भिंतीला होतं. दुकान मांडणाऱ्यांचा हा जुना नियम आहे, गरजेची वस्तू टोकाला ठेवायची, म्हणजे माणूस बिनगरजेच्या सगळ्या वस्तूंना भेटून मग तिच्यापर्यंत पोचतो. आम्हीही निघालो.

आमच्या लहानपणीचा वाणी मालाविषयी एक अक्षर बोलत नसे. तूरडाळ म्हणजे तूरडाळ. ती कुठल्या गावची, कुणाच्या शेतातली, असं मी विचारलं असतं तर त्यानं घरी निरोप धाडला असता, मुलाच्या तब्येतीकडं बघा म्हणून. पण गिऱ्हाइकाची संपूर्ण कुंडली त्याला पाठ. कुणाकडं पाहुणे उतरलेत हे त्याला चहापत्तीवरून कळायचं, कुणाचा पगार लांबलाय हे तेलाच्या मापावरून. नेहमीपेक्षा निम्मे गहू मागितले की पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता हळूच विचारायचा, "वहिनी माहेरी गेल्या का?" लाल कापडी बांधणीच्या त्याच्या वहीत अख्ख्या आळीचा इतिहास होता, आणि बराचसा थकलेला होता. नव्या दुकानात नेमकं उलटं झालंय. इथं मालाची कुंडली तयार आहे आणि गिऱ्हाइकाचा फक्त मोबाइल नंबर.

मधाच्या बाटलीवर लिहिलं होतं की माश्या कुठल्या जंगलात, कुठल्या फुलांवर बसल्या. हळदीच्या डबीवर गाव वायगाव, जिल्हा वर्धा, सोबत भौगोलिक मानांकनाचा शिक्का. अंगचा गुण म्हणून कुर्क्युमिनची टक्केवारी. खाली: स्वभाव उष्ण, पॉलिश नाही, रसायनांचा संपर्क नाही. वधू-वर सूचक मंडळात हाच कागद दिला असता तर संध्याकाळपर्यंत दोन स्थळं सांगून आली असती. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मुळशीचा आंबेमोहर, वेंगुर्ल्याचे काजू, भिवापूरची मिरची, नवापूरची तूरडाळ. सगळ्यांच्या गळ्यात मानांकनाचं पदक. महाराष्ट्र एवढा गुणी आहे हे मला ते फडताळ बघेपर्यंत माहीत नव्हतं. आत्या प्रत्येक पाकीट हातात घेई. मजकूर इंग्रजीत असला की उलटून बघे, कारण किंमत कुठल्याही भाषेत आकड्यात असते. मग ती मोठ्यानं वाचे. शांत बासरीवर अधूनमधून "तीनशे वीस!" असा ठेका पडत होता.

दर्शनी काचेपाशी लाकडी घाणा चालू होता. बैलाऐवजी मोटार, एवढाच फरक. खाली नळीतून शेंगदाण्याचं तेल सावकाश ठिबकत होतं आणि चार माणसं ते अभिषेक बघितल्यागत बघत उभी होती.

"एक लिटर तेलाला दाणे किती लागतात गं?" आत्या.

"अडीच ते तीन किलो, आजी."

आत्याचे ओठ हलले. तिचा तोंडी हिशेब कुठल्याही टॅबच्या आधी होतो. दाण्याचा भाव गुणिले अडीच, अधिक वीज, अधिक बाटली. आकडा निघाल्यावर तिनं बाटलीवरच्या किमतीकडं बघितलं आणि अनपेक्षितपणे मान डोलावली. "बरोबर आहे. एवढ्याला पडतंच." मला धक्का बसला. महाग म्हणायची एवढी चांगली संधी तिनं सोडली, म्हणजे हिशेब खरा होता. (किराणा दुकानात तेवढ्या शेंगदाण्यांपेक्षा शेंगदाण्याचं तेल स्वस्त मिळतं तेव्हा आपण कधी हा गुणाकार करत नाही, ही गोष्ट वेगळी.) पण आत्याचा पुढचा प्रश्न तयारच होता.

"आन् पेंड कुणाला देता?"

"ती आम्ही दळून हाय-प्रोटीन पीठ म्हणून विकतो. जिमवाले नेतात."

"म्हशीचं खाणं तरण्या पोरांना?" आत्या घाण्याकडं बघत राहिली. "मग म्हशीला काय घालता?"

याचं उत्तर टॅबमध्ये नव्हतं.

तुपाचा विभाग वेगळा होता, त्याला काचेचं दार आणि कुलूप. अर्ध्या लिटरची बरणी दीड हजाराच्या वर. बरणीवर गायीचं चित्र, तिची जात, तिचा चारा, दही कोणत्या दिशेनं घुसळलं ते. आणि मोठ्या अक्षरांत ए-टू. या ए-टूची एक छोटी हकीकत आहे. २१ ऑगस्ट २०२४ ला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं फर्मान काढलं की दुधातुपाच्या वेष्टनांवरचे ए-वन आणि ए-टूचे दावे काढून टाका, त्याला नियमांत आधार नाही. आणि २६ ऑगस्टला तेच फर्मान मागं घेतलं. मधले पाच दिवस देशातल्या समस्त गायी बिनजातीच्या होत्या. मुलगी सांगत होती, एक किलो तुपाला पंचवीस-तीस लिटर दूध लागतं, म्हणून ही किंमत. हेही खोटं नाही. आत्यानं बरणी दोन्ही हातांनी धरून परत जागेवर ठेवली आणि हात पदराला पुसले. "आपल्या हातून फुटायला नको," म्हणाली.

मग आलं चवीचं टेबल. फुकट चव घेणं ही एक अवघड कला आहे. ती शिकवणारे क्लास पुण्यात अजून कसे निघाले नाहीत, कळत नाही. काडीला टोचलेला चीजचा एवढासा तुकडा. तो गिळताना चेहऱ्यावर आपण हे नेहमी खातो असा भाव हवा, पण घेणारच आहोत असा नको. दुसरा तुकडा घ्यायचा तर मधे थोडं फिरून यावं लागतं, चष्मा काढून किंवा घालून. माझ्या पुढचे एक गृहस्थ ऑलिव्ह चघळत विचारमग्न उभे होते. बराच वेळ. शेवटी त्यांनी विचारलं, "बी कुठं टाकायची?" ते वाईनबद्दल काहीतरी विचारतील अशी माझी समजूत होती. आत्यानं चीज तोंडात घातलं, डोळे मिटले, उघडले आणि मुलीला मायेनं सांगितलं, "नासलंय, बाळ. फेकून दे, नाहीतर कुणाला बाधायचं."

त्याच्या पलीकडं सुटा माल. भिंतीवर काचेच्या उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक डाळ, खाली कळ. वर लिहिलं होतं की पृथ्वी वाचवण्यासाठी घरून आपापली बरणी आणा. आत्याला हे फार आवडलं, कारण यात तिला नवीन काहीच नव्हतं. एक तरुण जोडपं घरची बरणी घेऊन आलं होतं. मुलीनं ती रिकामी काट्यावर ठेवली, बरणीचं वजन वगळायला काहीतरी बटण दाबलं. "धडा केलास का?" आत्यानं लगेच विचारलं. मुलीला पटकन काही बोध झाला नसावा, पण ती हो म्हणाली. या सुट्या मालाची एक मेख मात्र पृथ्वीपेक्षा व्यवहाराची आहे. जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, लेबल लावून बांधलेल्या धान्यावर, डाळीवर, पिठावर पाच टक्के जीएसटी लागू झाला; नळीतून सुटं घेतलं तर तो नाही. मालकांनी तेवढं काही पाटीवर लिहिलेलं नव्हतं. पृथ्वीचंच नाव होतं.

आणि मग ज्वारी. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, आपल्याच सरकारनं सुचवलेलं. अर्थसंकल्पात भरडधान्यांना 'श्रीअन्न' म्हटलं गेलं, आणि तेव्हापासून ज्वारी-बाजरीनं मागं वळून बघितलेलं नाही. एका अख्ख्या भिंतीवर ज्वारीचे पोहे, ज्वारीच्या शेवया, ज्वारीचा पास्ता, नाचणीची बिस्किटं, बाजरीचा पिझ्झा. भाकरी तेवढी नव्हती. आत्याच्या हाताला पहिलंच लागलं ते एक देखणं पाकीट: लाल ज्वारीचे फ्लेक्स, अडीचशे ग्रॅम. तिनं ते नव्या डोळ्याजवळ नेलं.

"ही तांबडी ज्वारी? अरे, ही तर मिलो दिसते."

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी मिळायची, तिचं नाव मिलो. ज्यांनी ती खाल्लीय त्यांच्याकडून तिची स्तुती मी आजवर ऐकलेली नाही. आत्याचं तेव्हा नवं लग्न झालेलं होतं. दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि रात्री मिलोच्या भाकरी. "थापायला घेतली की तुटायची," ती मुलीला सांगायला लागली. "सासू म्हणायची सुनेला हात नाही. हात होता गं, पीठच तसलं. रडत रडत खाल्ली आम्ही. आन् किती म्हणालीस? दोनशे चाळीस?" मुलीनं सांगितलं, हिच्यात अँटिऑक्सिडंट असतात. "असतील," आत्या म्हणाली, "तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही."

शेजारी हुरडा. भाजलेला, सुकवलेला, डबीबंद, बारमाही. इथं आत्या खरोखर दुखावली. हुरडा म्हणजे थंडीतली सकाळ, शेतातली आगटी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेली गूळभेंडीची कोवळी कणसं, ती हातावर चोळून पाखडून गरम गरम तोंडात टाकायची. सोबत शेंगदाण्याची चटणी, आणि भाजणाऱ्याला "अजून दोन टाक" म्हणायचा हक्क. घरी नेऊन खायचा तो हुरडाच नव्हे, आणि मे महिन्यात खायचा तर त्याहून नव्हे. "पोरी, पुरणपोळीची गोळी पण काढा आता," ती म्हणाली. मुलीनं चटकन टॅबमध्ये काहीतरी टिपलं. ते काय होतं याची मला अजून धास्ती आहे.

पण सगळ्या भिंतीचा मुकुटमणी मधोमध होता. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते आत्याच्या जन्माआधीपासून. तागाच्या पिशवीला सुतळीचा फास, त्याला अडकवलेलं कार्ड, कार्डावर चौकोनी कोड. मुलीनं तो टॅबवर दाखवला आणि पडद्यावर एक शेतकरी उगवला. बांधावर उभा, पांढरा सदरा, टोपी, हातात कणीस. वय, गाव, जमीन किती, शिक्षण किती, छंद: भजन. मग तो बोलायला लागला आणि मागं तीच बासरी.

"हा भाग आमच्याच बाजूचा," आत्या चष्मा सावरत म्हणाली. "माती बघ की, काळीभोर. बरं, ह्याला काय भाव दिला?"

मुलीनं पडदा वर सरकवला, खाली सरकवला. त्या माणसाचं रोजचं पाणी पिण्याचं प्रमाण तेवढं सोडून बाकी सगळं होतं.

"तो ऑप्शन नाहीये, आजी."

पिशवीवरची किंमत होती किलोला १६०. २०२५-२६ साठी सरकारनं मालदांडीला जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये, म्हणजे किलोला साडेसदतीस. तोही पदरात पडतो की नाही, हा आणखी वेगळा विषय. मी हा आकडा आत्याला सांगितला, ही माझी हौस.

"मग मधले एकशे बावीस कुणी खाल्ले?"

"त्यात ती बासरी आली ना," मी म्हणालो.

आत्यानं नमुन्याच्या वाटीतली चिमूटभर ज्वारी तळहातावर घेतली, अंगठ्यानं फिरवली, फुंकर मारली. दोन दाणे दाढेखाली धरले. कट्ट असा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू गेला असावा, कारण ऑलिव्हवाल्या गृहस्थांनीही मान वळवली. मग तिनं हात नाकाशी नेला. "मालदांडीच आहे, खोटं नाही. वाळवलीय पण चांगली. पण मागल्या सालची आहे. नव्या ज्वारीला वास असतो, हिचा गेलाय." मुलगी बघतच राहिली. मग तिनं इकडंतिकडं बघून पाकिटावरची तारीख वाचली, आणि काही न बोलता पाकीट ओळीत मागं सरकवलं.

मीठ राहिलंच होतं. शेवटच्या भिंतीला ते पाच-सहा जातींत मांडलेलं होतं: काळं, धुरी दिलेलं, पापुद्र्यांचं, कमी सोडियमचं, आणि सगळ्यांत पुढं गुलाबी. साधं, पांढरं, आयोडीनचं मीठ आम्ही ठेवत नाही, असं मुलीनं जरा ओशाळून सांगितलं. गुलाबी मिठाच्या बरणीवर बर्फाच्छादित शिखरांचं चित्र होतं. मी सवयीनं उलटून गाव शोधायला लागलो. माशीपासून म्हशीपर्यंत सगळ्यांचा पत्ता देणाऱ्या त्या दुकानात गावाचं नाव न सांगणारी ती एकमेव वस्तू निघाली. जगभर हे गुलाबी सैंधव म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक पाकिस्तानातल्या पंजाबच्या खेवडा खाणीतलं. हिमालय तिथून बराच लांब आहे. आणि मे २०२५ मध्ये आपण पाकिस्तानातून येणारा सगळाच माल बंद केला. बिचाऱ्या बरणीनं तोंड उघडून करायचं काय? एका बाजूला कुळाचा अभिमान, दुसऱ्या बाजूला परराष्ट्र धोरण. मी तिला तशीच शिखरांकडं तोंड करून ठेवली. आत्या उपासाला शेंदेलोण खाते, तिला यातलं काही सांगितलं नाही.

एवढा एसी खाऊन, स्वागत स्वीकारून, चीज चाखून रिकाम्या हातानं बाहेर पडायला धैर्य लागतं. ते माझ्यात नाही. अशा वेळी दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू न शोधल्यासारखं दाखवत शोधावी लागते. मला कडुनिंबाच्या दातणाच्या दोन काड्या सापडल्या, चाळीस रुपयांना, केळीच्या दोऱ्यानं बांधलेल्या. "अरे, झाड सोसायटीत आहे की," आत्या म्हणाली, आणि तेही अशा आवाजात की काउंटरवरच्या मुलाला सोसायटीचा पत्ता तेवढा विचारायचा राहिला.

काउंटरवर मोबाइल नंबर. तो दिला. ईमेल. तोही दिला. मग, "आजींची जन्मतारीख? बर्थडेला दहा टक्के ऑफ असतो."

"एक जून घाल," आत्या म्हणाली.

मुलानं घातलं. त्याला बहुधा माहीत नसावं की त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म शाळेच्या मास्तरांनी १ जूनला उरकून टाकलेला आहे. एक जूनला हे दुकान बसणार, असा माझा अंदाज आहे.

आमच्या मंगळवेढ्याला याहून मोठं धान्याचं प्रकरण होऊन गेलंय. दामाजीपंतांनी दुष्काळात बहामनी बादशहाची कोठारं लोकांसाठी खुली केली, आणि बिल आलं तेव्हा ते भरायला विठू महाराच्या रूपात साक्षात पांडुरंग बीदरला गेला, अशी कथा आत्या अजून डोळ्यांत पाणी आणून सांगते. मला चाळीस रुपये भरायला कोणी आलं नाही. तीन वेळा स्कॅन केलं तेव्हा गेले.

हे चालू असताना आत्या मघाच्या मुलीपाशी होती. माझ्या कानावर तुकडे येत होते.

"तू कुठली गं?"

"सोलापूर डिस्ट्रिक्ट, आजी."

"सोलापुरात कुठली?"

"सांगोला."

"सांगोल्यात कुठं?"

गाव निघालं. मग आडनाव, मग आईचं माहेर, मग मामा काय करतात. वडिलांची जमीन चार एकर, एक बोअर, त्याला पाणी मार्चपर्यंत. ही पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करते. सकाळी अभ्यासिका, दुपारी इथं. खोलीत चौघी, मेसचा डबा, डब्यात भाकरी नसते. लग्नाचं बघतायत, पण हिला आधी पूर्वपरीक्षा काढायचीय. पगार किती, हेही आत्यानं विचारलं, आणि मुलीनं सांगितलं. टॅब खाली गेला होता. आणि बोलता बोलता त्या मुलीचं ते एप्रनचं मराठी कधी गळून पडलं, तिचं तिलाच कळलं नसावं.

"आज्जी," ती हळू आवाजात म्हणाली, "हितनं नगा घिऊ ज्वारी. आमच्या आण्णांनी औंदा मालदांडीच केलीया. कट्टं भरून घरात पडल्यात. म्या लंबर देती, तुमी बोला."

आत्यानं नंबर पदराच्या टोकाला बांधून घेतला. म्हणजे दुकानाच्याच एका मानांकनाच्या कार्डाच्या पाठीवर लिहून घेतला आणि ते कार्ड बांधलं.

मीठ समोरच्या जुन्या किराणावाल्याकडं घेतलं. पाली जिल्ह्यातून त्याचे वडील आले तेव्हापासून त्यांचं दुकान आहे, आणि गाळ्याच्या सगळ्या अवतारांची जन्म-मृत्यू नोंद त्याच्या तोंडी आहे. "काका, बघून आलात ना?" पुडा पुढं सरकवत तो म्हणाला. "मीठ घ्यायला सगळे शेवटी इथंच येतात." मग आत्याकडं बघून: "आजी, डोळा कसा आहे आता? थेंब चालू आहेत ना? आणि वहिनींना सांगा, त्यांचा तो जाडा रवा उद्या येतोय." त्याला डोळ्याचं कुणी सांगितलं, आम्ही विचारलं नाही. रवा किती दिवस संपलेला आहे, हे मलाही तिथंच कळलं.

घरी आल्या आल्या आत्यानं मुलीच्या वडिलांना फोन लावला. स्पीकरवर, कारण कानाला लावलेला फोन तिला खरा वाटत नाही. "मी मंगळवेढ्याची, पुण्याहून बोलते. तुमची लेक भेटली. वाळलीय हो, डब्यात भाकरी नसते तिच्या." पलीकडून एक दमदार "रामराम" आला. मग ते पाव्हणे कुणाचे कोण, हे सुरू झालं. त्यांच्या आत्याचे सासरे आणि आमच्या आजोबांचे साडू एकाच तालमीतले निघाले. मग कुठल्याशा बैलाचा विषय आला, जो आता हयात नाही. मग पाऊस. मग लेकीसाठी कुर्डुवाडीकडं एक स्थळ आहे, मुलगा एसटीत आहे, पण आत्याच्या मते तिला आधी परीक्षा देऊ द्यावी, आणि वडिलांच्या मते स्थळ काही परीक्षेसाठी थांबत नसतं, यावर दोन्ही बाजूंनी जोरात चर्चा झाली. बायको मीठ बरणीत ओतून गेली, चहा ठेवून गेली, चहा गार झाला. दातणाच्या काड्या कुणीतरी कुंडीत खोचल्या.

मी वही-पेन घेऊन बसलोय, किती किलो, काय भाव आणि कुठल्या एसटीनं, ते टिपायला. ज्वारीचा विषय अजून निघालेला नाही.